नैसर्गिक रंगांच्या संशोधनाने रंगाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र जवळ आले की बडोद्यात हातमागाच्या आणि ठशांच्या कापडाची प्रदर्शने भरू लागतात. अलीकडे त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक दुकानावर 'नैसर्गिक रंग', 'वनस्पतिजन्य रंग', 'पर्यावरणपूरक वस्त्र' अशा पाट्या दिसतात. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतूनही या विषयावर कौतुकाचे लेख येतात. डाळिंबाची साल, निर्माल्यातला झेंडू, कांद्याची टरफले यांपासून कुठल्याशा महाविद्यालयाने रंग काढल्याच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात. या कौतुकाला माझा मुळीच विरोध नाही. मात्र मी वस्त्रशास्त्र शिकले आणि नोकरीची सारी वर्षे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत रंगांच्या चाचण्या करण्यात घालवली. त्यामुळे अशी बातमी वाचताना माझ्या मनात येतात ते रंगाऱ्याचे प्रश्न. हा रंग उन्हात किती टिकतो? दुसऱ्या खेपेला तीच छटा मिळते का? तो कापडावर कशाच्या आधाराने धरला, आणि रंगवून झाल्यावर उरलेले पाणी कुठे सोडले? बातमीत यांतील एकाचेही उत्तर नसते, आणि ज्या शोधनिबंधावरून बातमी बेतलेली असते त्यातही ते पुष्कळदा अर्धवट असते. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

हा विषय बडोद्यातून मांडण्यास कारण आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन केली आणि तिची सूत्रे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपवली. रंगकाम हा तेथील शिक्षणाचा एक मुख्य विषय होता आणि कृत्रिम रंगांचे त्या काळी नवे असलेले शास्त्र आपल्या लोकांच्या हाती यावे, असा गज्जरांचा ध्यास होता. मराठी वाचकांना त्यांची आणखी एक ओळख सांगता येईल. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये डांबर फासले गेले आणि दामोदर चापेकरांनी पुढे ते कृत्य आपले असल्याचे सांगितले. संगमरवरात मुरलेला तो डाग भल्याभल्यांना निघेना, तो गज्जरांनी काढला. कृत्रिम रंगांचा सगळा उद्योग ज्या डांबरातून जन्माला आला, त्याच डांबराचा डाग काढायला शेवटी रंगांचाच प्राध्यापक लागला, ही गंमत मला नेहमी आठवते. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक कंपनी उभारली आणि बडोदे रासायनिक उद्योगाचे शहर होण्यास सुरुवात झाली. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवनाचे रूपांतर तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत झाले आणि गृहविज्ञानाच्या विद्याशाखेत वस्त्रांचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग आला. रंगांचे रसायन शिकवण्याची परंपरा, वस्त्रांचा अभ्यास, उद्योगांच्या प्रयोगशाळा, आणि एका रात्रीच्या प्रवासावर कच्छमधले अजरख हे ठशांचे पारंपरिक कापड छापणारे खत्री, असा योग फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला असेल.

आज नैसर्गिक रंगांविषयी लिहिणारे पुष्कळ जण असे गृहीत धरतात, की परकीय कंपन्यांनी आपल्या रंगाऱ्यांवर कृत्रिम रंग लादले. व्यापारी सत्तेचा भाग त्यात होताच, पण रंगाऱ्याची स्वतःची कारणेही होती. विल्यम पर्किनला १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला. मंजिष्ठेच्या कुळातील मुळांत असणारे अलिझरिन हे लाल रंगद्रव्य १८६८ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले आणि कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली. एके काळी अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ युरोपपर्यंत जात असे. कृत्रिम नीळ आल्यावर पुढच्या दीड-दोन दशकांत हिंदुस्थानातील निळीची लागवड कोसळली. आता रंगाऱ्याच्या बाजूने पाहा. मुळे खणणे, कुटणे, उकळणे, गाळणे यांत जाणारे दिवस वाचले, डब्यातल्या चमचाभर भुकटीत पोतेभर मुळांचे काम होऊ लागले, आणि मुख्य म्हणजे दिवाळीला रंगवलेल्या कापडाची छटा संक्रांतीला पुन्हा मिळू लागली. या सोयी ज्याने एकदा अनुभवल्या त्याला परत बोलवायचे असेल, तर परंपरेचा गौरव करून भागणार नाही. तो ज्या अडचणींमुळे गेला त्या अडचणी सोडवाव्या लागतील. संशोधनाचे खरे काम येथे आहे, आणि आपल्याकडे नेमके तेच सर्वांत कमी होते असे माझे स्पष्ट मत आहे.

नैसर्गिक रंगांच्या संशोधनाला गेल्या तीन दशकांत जी गती आली तिच्यामागेही एक व्यावहारिक कारण होते. ॲझो वर्गातील काही रंगांचे विघटन होऊन कर्करोगाला कारण ठरू शकणारी ॲमाइन्स नावाची रसायने तयार होतात, असे दिसून आल्यावर जर्मनीने १९९४ मध्ये त्या रंगांवर बंदी आणली. निर्यातीवर गदा येताच आपल्याकडेही हालचाल झाली आणि १९९७ पर्यंत भारतात एकूण ११२ रंगांना मनाई झाली. बंदी सरसकट सर्व ॲझो रंगांवर नाही, घातक ॲमाइन्स सोडणाऱ्यांवरच आहे, ही गोष्ट मात्र लोकांपर्यंत नीट पोचलीच नाही. 'केमिकल' तेवढे विषारी आणि झाडापासूनचे तेवढे निर्धोक, अशी सोपी विभागणी रूढ झाली, आणि संशोधकांनीही ती खोडून काढण्याची फारशी तसदी घेतली नाही, कारण त्या विभागणीवर प्रकल्प मंजूर होत होते.

या विषयावरचे अनेक प्रबंध आणि निबंध एका ठरलेल्या साच्याचे असतात. एखादी वनस्पती घ्यायची, तिचा अर्क पाण्यात उकळून काढायचा, सुती आणि रेशमी कापडाचे तुकडे तीन-चार रंगबंधकांसह, म्हणजे रंग धाग्यावर धरून ठेवणाऱ्या पदार्थांसह, रंगवायचे, छटांचे तक्ते लावायचे आणि रंगाचा पक्केपणा 'चांगला ते फार चांगला' असल्याचा निष्कर्ष काढायचा. पुढच्या वर्षी वनस्पती बदलते. हा 'चांगला' कोणत्या चाचणीतला, हे पाहायला गेले की पुष्कळदा तो धुण्यातला किंवा घासण्यातला निघतो. उन्हातला पक्केपणा शेवटच्या रकान्यात दबून बसलेला असतो, नाहीतर तपासलेलाच नसतो. धुण्यातला पक्केपणा १ ते ५ या करड्या पट्टीवर मोजतात. उजेडातला पक्केपणा मोजण्यासाठी लोकरीच्या आठ निळ्या पट्ट्यांचे प्रमाण असते; १ म्हणजे सर्वांत कच्चा, ८ म्हणजे सर्वांत पक्का, आणि दर पायरीला टिकण्याचा काळ साधारण दुप्पट होतो. या पट्टीवर नीळ आणि मंजिष्ठेचा लाल रंग सन्मानाने उभे राहतात, म्हणून तर शेकडो वर्षांपूर्वीच्या कापडांवर ते आजही दिसतात. हळद मात्र तळाशी असते. तिचा पिवळा उन्हात उडतो आणि साबणाच्या पाण्यात लालसर होतो, हे आपल्याकडे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. पळसाच्या फुलांचा, म्हणजे येथील केसुड्याचा, केशरी रंग धुळवडीला उत्तम. त्याच रंगाचा सदरा मात्र दोन उन्हाळे काढणार नाही. 'पळसापासून पर्यावरणपूरक वस्त्र' अशी बातमी आली, तर त्या वस्त्राचे आयुष्य किती, हे विचारणे गैर ठरू नये. विटलेले कापड लवकर टाकून दिले जाते, आणि त्याच्यासाठी पिकवलेला कापूस, घातलेले पाणी, जाळलेले सरपण हे सगळे त्याच्याबरोबर वाया जाते.

रंग कापडाला धरतो कसा, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. लोकर आणि रेशीम हे प्राणिज तंतू असल्याने त्यांवर वनस्पतींचे रंग तुलनेने सहज बसतात. कापसाला या रंगांची मुळात ओढच नाही. म्हणून सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. हिरड्यातील टॅनिन धाग्यावर बसते, टॅनिन धातूला धरते आणि धातू रंगाला. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांतून आदिवासी कुटुंबे जो हिरडा गोळा करतात, त्याचा हा उपयोग आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. धातू म्हणून तुरटी वापरली तर लाल-पिवळे रंग उजळ येतात आणि लोखंड वापरले तर तेच रंग काळपट होतात. कच्छमधले रंगारी लोखंडी भंगार गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून काळा रंग करतात आणि तो दाट करण्यासाठी चिंचोक्याचे पीठ घालतात. येथपर्यंत सारे ठीक आहे, तरी लोखंडाचे प्रमाण चुकले तर काळ्या नक्षीखालचाच धागा आधी कुजतो. जुन्या वस्त्रांत इतर नक्षी शाबूत आणि काळ्या रेषा तेवढ्या झडलेल्या दिसतात त्या यामुळे.

खरी अडचण मोरचूद (तांब्याचा क्षार), कथलाचा क्षार आणि पोटॅशियम डायक्रोमेट या रंगबंधकांची आहे. यांतल्या शेवटच्या पदार्थात षट्संयुजी क्रोमियम असते आणि ते कर्करोगकारक आहे. तरीही 'वनस्पतिजन्य रंगांच्या छटा' दाखवणाऱ्या निबंधांतून तो अजून हजेरी लावतो, कारण त्याने छटांचा तक्ता भरगच्च दिसतो. झेंडूचे फूल निरुपद्रवी आहे म्हणून क्रोमियमच्या पाण्यातून काढलेले कापड निरुपद्रवी होत नाही. तुरटी त्या मानाने सौम्य, पण तिचाही हिशेब मांडावा लागतो. प्रचलित कृतींत ती कापडाच्या वजनाच्या दहा ते वीस टक्क्यांपर्यंत घातली जाते आणि तिच्यातला बराच भाग धाग्यावर न बसता पाण्याबरोबर निघून जातो. किती बसतो आणि किती जातो, हे मोजणारे काम कमी आणि नवी फुले शोधणारे काम फार. लोध्र या झाडाच्या कुळात पानांमध्ये ॲल्युमिनियम साठवण्याचा गुण आहे आणि तुरटीऐवजी अशी पाने वापरण्याची रीत काही ठिकाणी पूर्वापार आहे. आपल्याकडे आयुर्वेदात लोध्राची साल वापरतात. साल ओरबाडली की झाड मरते, पाने घेतली तर जगते. एखाद्या विभागाने दहा नव्या फुलांऐवजी या एका पानाचा पिच्छा पुरवला, त्यातले ॲल्युमिनियम कोणत्या ऋतूत किती, ते सुती कापडावर किती बसते, किती वेळा वापरता येते हे नीट मोजले, तर त्याचा रंगाऱ्याला उपयोग होईल.

निळीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. निळीला धातूचा आधार लागत नाही. ती पाण्यात विरघळतच नसल्यामुळे तिला आधी क्षारयुक्त पाण्यात, प्राणवायू काढून घेऊन, पिवळसर-हिरव्या विद्राव्य रूपात आणावे लागते. त्या कुंडातून कापड वर काढले की हवेच्या स्पर्शाने ते डोळ्यांदेखत निळे होत जाते. प्राणवायू काढून घेण्याचे काम पूर्वी गूळ, खजूर, चुना आणि त्यांवर वाढणारे जिवाणू करीत. अशी कुंडे दिवसेंदिवस सांभाळावी लागतात, थंडीत रुसतात आणि जाणकार हात नसेल तर बिघडतात. म्हणून आज अनेक ठिकाणी खऱ्या पानांची नीळ घेऊनही ती सोडियम हायड्रोसल्फाइटने विरघळवली जाते आणि त्यामुळे सांडपाण्यात गंधकाचे क्षार येतात. कापड 'नैसर्गिक निळीचे' असते आणि ते खोटेही नसते. फक्त गोष्ट अर्धी सांगितलेली असते. फळांतल्या साखरेने, म्हणजे फ्रुक्टोजने, नीळ विरघळवण्याची पद्धत आता रुळू लागली आहे. तिचा खर्च, तिला लागणारी उष्णता आणि चुना, आणि एका कुंडातून निघणारे कापड यांची तुलना हायड्रोसल्फाइटच्या कुंडाशी कुणी रंगशाळेत बसून केली, तर तो निबंध मी आनंदाने विकत घेऊन वाचेन.

शिवाय पानांतली नीळ आणि कारखान्यातली नीळ यांचा मुख्य रेणू एकच आहे, अलिझरिनचेही तसेच. साध्या चाचणीत दोन्ही सारखीच दिसतात, आणि बाजारात 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या लालात कृत्रिम अलिझरिन किती, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो. शास्त्राला मात्र तो आहे. खनिज तेल कोट्यवधी वर्षांचे असल्याने त्यापासून बनलेल्या रंगात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. यंदाच्या पानांतून आलेल्या निळीत तो असतो. नैसर्गिक रंगात मुख्य रेणूबरोबर त्याचे काही भाऊबंदही सापडतात. आपल्या मंजिष्ठेत अलिझरिनपेक्षा पर्प्युरिन आणि मंजिष्टिन ठळक असतात, आणि वर्णलेखनाने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून पाहण्याच्या पद्धतीने, ती ओळख पटते. या चाचण्या महाग आहेत हे खरे, पण अस्सल माल करणाऱ्या रंगाऱ्याला नकली मालापासून संरक्षण मिळायचे असेल तर त्या कुठेतरी उपलब्ध व्हायला हव्यात. कच्छच्या अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; मानांकन जपायचे तर तपासणीची सोय लागणारच.

दुसऱ्या खेपेला तीच छटा मिळण्याचा प्रश्न संशोधकांना किरकोळ वाटतो, व्यापाऱ्याला मात्र तोच पहिला वाटतो. पन्नास साड्यांची मागणी आली आणि पंचविसावीनंतर रंग बदलला तर माल परत येतो. वनस्पतीतला रंग जमिनीवर, ऋतूवर, झाडाच्या वयावर अवलंबून असतो, त्याबद्दल बरेच लिहिले जाते. पाण्याबद्दल कमी लिहिले जाते. मंजिष्ठेच्या लालाला चुन्याचा अंश मानवतो, म्हणून जड पाण्यात तो खुलतो. त्याउलट पाण्यात लोखंडाचा थोडा जरी अंश असला तरी हिरड्या-डाळिंबाचा पिवळा खाकीकडे झुकतो. बडोद्यातच आजवा तलावाच्या पाण्यात आणि उपनगरातल्या विंधनविहिरीच्या पाण्यात एकाच पुडीतून दोन वेगळे पिवळे निघू शकतात. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाणी वापरून काढलेली छटा या कामी येत नाही. एकच कृती पाच गावांच्या पाण्यात करून, पाण्याचे पृथक्करण शेजारी छापून, फरक किती पडला हे सांगणारे काम दिसायला साधे, पण रंगाऱ्याला सोन्याच्या मोलाचे आहे.

नैसर्गिक रंगांनी सारे जग रंगवता येईल, अशा भ्रमात मात्र राहू नये. जगात दर वर्षी अकरा कोटी टनांहून अधिक तंतू तयार होतात. वनस्पतिजन्य रंगांत पुष्कळदा कापडाच्या वजनाइतके, कधी त्याहून अधिक सुके द्रव्य लागते. तेवढी फुले आणि मुळे पिकवायला अन्नधान्याची जमीन द्यावी लागेल, आणि मंजिष्ठा किंवा आल यांसारख्या मुळांच्या रंगात तर अख्खी वनस्पतीच उपटावी लागते. म्हणून हातमाग, खादी आणि ठशांचे कापड एवढेच या रंगांचे स्वाभाविक क्षेत्र आहे, आणि त्यातही डाळिंबाची साल, कांद्याची टरफले, देवळांतला झेंडू यांसारखे आयते वाया जाणारे द्रव्य आधी वापरावे, हे उघड आहे.

तंतूंबाबतही अशीच सावधगिरी हवी. 'बांबूचे कापड' म्हणून जे मऊ कापड विकले जाते ते बहुतांशी बांबूच्या लगद्यापासून कार्बन डायसल्फाइडच्या मदतीने केलेले व्हिस्कोस असते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये अशा लेबलांवर कारवाईही केली. उलट कच्छमधला पावसाच्या पाण्यावर येणारा काला कापूस, किंवा मुळातच तपकिरी बोंडे देणारे आणि रंगवण्याची गरजच न ठेवणारे कापसाचे वाण, यांच्याकडे लक्ष कमी जाते.

सांडपाण्याचा मुद्दा बडोद्याने तरी विसरू नये. येथील रासायनिक उद्योगांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी खंबातच्या आखातापर्यंत नेण्यासाठी सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा कालवा बांधावा लागला, एवढे या शहराचे आणि रंग-रसायनांचे नाते जुने आहे. कृत्रिम रंगांचा दोष झाकण्याचे कारण नाही. सुती कापडासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांत लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅमपर्यंत मीठ लागते आणि रंगाचा लक्षणीय भाग धाग्यावर न बसता वाहून जातो. पण मोठ्या कारखान्यावर निदान सांडपाणी प्रक्रियेची सक्ती आहे. अंगणात चार भांडी मांडून हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि मोरचूद वापरणाऱ्या रंगशाळेवर ती नाही, आणि तिचे पाणी थेट गटारात किंवा परसातल्या जमिनीत जाते. एका रंगशाळेचे पाणी थोडे. एका वस्तीत पन्नास रंगशाळा असतील तर ते थोडे राहत नाही. तुरटीचे आणि हिरड्याचे पाणी किती वेळा पुन्हा वापरता येते, उरलेल्या चोथ्याचे खत होते का, त्यात धातू किती राहतात, याची उत्तरे मिळाली तर पर्यावरणपूरक या दाव्याला काही आधार मिळेल.

आणखी एक मोह अलीकडे वाढला आहे. नैसर्गिक रंगाचे कापड जंतुनाशक आहे, अतिनील किरणांपासून वाचवते, त्वचेला हितकर आहे, असे निष्कर्ष निबंधांतून निघतात आणि तेथून थेट दुकानातल्या पाटीवर जातात. टॅनिनमुळे काही प्रमाणात असा गुण येऊ शकतो. पण चाचणी नव्या कोऱ्या तुकड्यावर केली की पंचवीस धुण्यांनंतरच्या कापडावर, हे पाहिल्याखेरीज अशा पाट्यांवर विश्वास ठेवू नये, असे मी माझ्या ओळखीच्यांना सांगत आले आहे.

माझी सूचना अशी, की विद्यापीठाचे वस्त्र विभाग आणि राज्याचे हातमाग खाते यांनी मिळून बडोद्यात छोट्या रंगाऱ्यांसाठी चाचणीची एक खिडकी उघडावी. अहमदाबादला अटिरासारखी वस्त्रसंशोधन संस्था आहे, पण तिथले शुल्क आणि पत्रव्यवहार निर्यातदाराला झेपतो, घरातल्या घरात चार साड्या रंगवणाऱ्या बाईला झेपत नाही. या खिडकीत अगदी प्राथमिक चाचण्या झाल्या तरी चालतील: उजेडातला, धुण्यातला आणि घामातला पक्केपणा, आणि सांडपाण्यातले तांबे व क्रोमियम. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांत नाहीतरी याच चाचण्या शिकवल्या जातात; त्या महाविद्यालयाने स्वतः रंगवलेल्या तुकड्यांऐवजी रंगाऱ्यांनी आणलेल्या खऱ्या कापडावर का करू नयेत? पदव्युत्तर प्रबंधांना मान्यता देताना क्रोमियम आणि कथलाची रंगबंधके सरळ बाद करावीत, उजेडातला पक्केपणा आणि सांडपाण्याचे पृथक्करण सक्तीचे करावे, आणि जो रंग टिकला नाही त्याची नोंदही प्रसिद्ध करावी, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याचे वर्ष त्याच फुलावर वाया जाणार नाही. हे निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकांत जातात ते जावोत, पण त्यांचे एक साधे, छटांचे खरे तुकडे चिकटवलेले पुस्तक गुजराती आणि मराठीत निघावे. गज्जरांच्या कलाभवनाने कारागिराला त्याच्या भाषेत शिकवण्याचा आग्रह धरला होता, तो या विषयात तरी पाळता येईल.

दुकानांतल्या पाटीचाही विचार व्हावा. कापडाच्या चिठ्ठीवर रंगाचे द्रव्य, रंगबंधक आणि उजेडातल्या पक्केपणाचा आकडा एवढ्या तीन गोष्टी छापायला एक ओळ पुरते: 'मंजिष्ठा, तुरटी, ५'. अस्सल माल करणाऱ्याला याची भीती वाटू नये. येत्या नवरात्राच्या प्रदर्शनात आयोजकांनी निदान स्वेच्छेने तरी ही चिठ्ठी लावणाऱ्या रंगाऱ्यांना पुढच्या रांगेतली जागा द्यावी, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे त्यांना करीत आहे.

आपली विश्वासू,
वस्त्र-प्रयोगशाळेतील एक सेवानिवृत्त कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे
(नाव व पत्ता संपादकांस कळविला आहे.)